काकडीची साल की ओली माती?

प्रश्न : लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांना ‘ग्रे फ्लॅनेल’ सेंट आणलं. ह्यांना फार आवडलं. सासूबाई म्हणतात, कुंडीत काकडीची सालं टाकल्यासारखा वास येतो. खरं कुणाचं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, सासूबाईंचं नाक तल्लख आहे! काकडीला वास देणारा घटक व्हायोलेट ह्या जांभळ्या फुलझाडाच्या पानांतही असतो, आणि ह्या सेंटात व्हायोलेटच मुख्य. फुलाचा पावडरीसारखा गोडवा आयोनोन ह्या सुगंधी रसायनाचा. टिमान आणि क्रूगर ह्या रसायनशास्त्रज्ञांनी तो १८९३ साली प्रयोगशाळेत बनवला. त्यानं नाक क्षणभर बधिर होतं, म्हणून वास नाहीसा होतो नि पुन्हा येतो. मातकटपणा ओकच्या खोडावर वाढणाऱ्या ओकमॉसचा. आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचं ते भावंडच. डबा उघडून हुंगून बघा, लगेच पटेल.

मी मनगटावर लावून सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारली. पहिली दहा मिनिटं कडवट, अगदी नकोसं. घरी येईतो मात्र वळीव पडून गेलेल्या शेतासारखं झालं होतं, आणि मी मनगट नाकापासून काढेना. मला हे सेंट मनापासून आवडतं. फक्त मे महिन्याच्या उन्हात नको, डोकं धरतं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेतल्या थंडीत शर्टाच्या आत एकच फवारा मारायला सांगा.