जुन्या वस्तू, जुने धंदे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचा आणि त्यांच्या वडिलांचा वडोदऱ्यात संगमरवराचा छोटा कारखाना होता. टेबलावर ठेवायचे शोभेचे लायटर, अॅशट्रे, पेनस्टँड, पेपरवेट असा माल तिथं व्हायचा. कारखाना बंद होऊन खूप वर्षं झाली. घरात एक हिरवा आणि दोन पांढरे लायटर उरले आहेत. घराण्याच्या धंद्याचा इतिहास लिहावा म्हणून बसले, तर मुलानं लायटर उलटा करून दाखवला. मशीनवर ‘जपान’ असं कोरलेलं आहे. तो म्हणतो, ‘म्हणजे पणजोबा तयार माल आणून विकत होते.’ कागदपत्रं फारशी नाहीत. मी काय आणि कसं लिहू?
— एक वाचक, दांडिया बझार, वडोदरा

उत्तर : ताई, मशीन जपानचं आहे म्हणून लायटर जपानचा ठरत नाही. माझं आयुष्य वडोदऱ्यात लेथवर गेलं, आधी लोखंड आणि नंतर दगड, म्हणून हे मी ठामपणे सांगू शकतो. टेबल लायटरच्या धंद्यात जगभर हीच रीत होती. बाहेरचं अंग एकाचं, आतलं मशीन दुसऱ्याचं. इंग्लंडची वेजवूड ही १७५९ सालापासूनची नामांकित पॉटरी. तिच्या निळ्या जॅस्परवर (बिनचकाकीच्या चिनीमातीवर) पांढरी नक्षी असलेल्या टेबल लायटरमध्ये मशीन रॉन्सन कंपनीचं असायचं. तेवढ्यावरून वेजवूडला कुणी दुकानदार म्हणत नाही.

याचं कारण मशीनच्या घडणीत आहे. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं १९०३ साली लोखंड आणि सीरियम यांच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. आपण ज्याला लायटरचा ‘खडा’ म्हणतो तो हाच. त्यावर दातेरी चाक घासलं की ठिणगी पडते. आधीचे लायटर पेट्रोलवर चालत. आत कापूस आणि वात असायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्युटेन गॅस आला, आणि टाकी, झडप, चाक, खडा असं सगळं एका डबीत बसलं. असल्या डब्या जपानी कारखान्यांतून जगभर जाऊ लागल्या. बारीक स्प्रिंगा, झडपा, रबरी वॉशर हे दगड घडवणाऱ्याचं काम नव्हे. डबी तयार मिळायला लागल्यावर दगडवाल्याकडे एकच काम उरलं, पण ते सोपं नव्हतं. देखणं अंग घडवायचं आणि त्यात डबीच्या मापाचं भोक पाडायचं. इटलीत व्होल्तेरा गावचे अलाबास्टर या मऊ दगडाचे कारागीर, मेक्सिकोत ऑनिक्स या पट्ट्यापट्ट्यांच्या दगडाचे कारागीर हेच करत होते.

भोकाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मुलाला हवा असलेला पुरावा तिथंच आहे. हिऱ्याचे ड्रिल स्वस्त होण्याआधी दगडाला मोठं भोक पाडायची पद्धत अशी होती : पोकळ पाइप उभा फिरवायचा, त्याच्या कडेखाली कार्बोरंडमची (दगड घासणाऱ्या अतिशय कठीण पदार्थाची) पूड आणि पाणी सतत सोडायचं. पाइप कापत नाही, पूड कापते. मधला गाभा दांड्यासारखा उभा राहतो, तो हलक्या ठोक्यानं मोडून काढायचा. जोर जास्त झाला, किंवा दगडात शीर आडवी गेली असली, की सकाळपासूनची मेहनत दोन तुकड्यांत हातात येते. तुमच्या लायटरमधलं मशीन सावकाश वर उचला आणि आत टॉर्च मारा. भिंतीवर गोल गोल कड्या दिसल्या, तळाशी मोडलेल्या गाभ्याचा खडबडीत डाग दिसला, तर ते भोक या रीतीनं पडलंय. दोन पांढऱ्या लायटरच्या भिंतींची जाडी मोजा. थोडाफार फरक निघाला, तर घडणाऱ्यानं प्रत्येक नग हाताच्या अंदाजानं संपवलाय. आणि तुम्ही यादीत पेनस्टँड, पेपरवेट लिहिलेत ना? माझा कयास आहे की तो निघालेल्या गाभ्यांचा माल. चांगला कारखाना गाभा फेकत नसे.

आता दगड. हिरवा लायटर आहे म्हटल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो छोटा उदेपूर भागातल्या मोतीपुऱ्याचा हिरवा संगमरवर. घरातल्या वडीलधाऱ्यांना तेवढं नाव विचारून बघा. पांढरा अंबाजीचा की मकराण्याचा, हेही विचारा. अलाबास्टर तर नाही ना, याची खूण सोपी आहे : तळाला नखानं ओरखडा उठला तर अलाबास्टर, नाही उठला तर संगमरवर. लेथवर कोण बसायचं हा प्रश्नही विसरू नका. संखेड्याचे खरादी लाकूड कातण्यात पिढ्यान्पिढ्या मुरलेले. त्या हातांपैकी कुणी दगडाकडे वळून तुमच्याकडे आला होता का? सासऱ्यांच्या नावाबरोबर कारागिरांची नावंही इतिहासात यायला हवीत, पहिल्या पानावर. दगडावर पाणी ओतत काम केलं तर धूळ बसते, पण कोरडं घासताना ती सगळी त्यांच्या छातीत जायची.

कागद नाहीत म्हणता, पण तुम्ही बहुधा वहीखाते शोधत असाल. विजेची जुनी बिलं बघा. थ्री-फेज, म्हणजे मोठ्या मोटरी चालवणारं, कनेक्शन होतं का? नुसता माल विकणाऱ्याला त्याची गरज काय? रेल्वेच्या बिल्ट्या (मालाच्या पावत्या), जकातीच्या पावत्या, गुमास्ता परवाना हेही शोधा. बिल्टीवर वजन असतं. ओबडधोबड दगड आला असेल तर वजन मणांत येईल, तयार माल पेट्यांत. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयात परवाने फार कडक झाले. त्या वर्षांत मशीन कुठून मिळवलं, न मिळाल्यावर तयार अंगांचं काय केलं, हे सासूबाईंना विचाराच. अशा अडचणीतून माणसांनी काय वाट काढली, ते मला तरी दिवाणखान्यातल्या शोभेपेक्षा मोलाचं वाटतं.

धंदा का बसला हे थोडक्यात लिहिलं तरी चालेल. १९७३ साली बिक कंपनीचा वापरून टाकायचा लायटर आला. तसला स्वस्त माल खिशाखिशांत गेल्यावर टेबलावरच्या लायटरचं काम संपलं. पुढे पाहुण्यांसमोर सिगारेटची पेटी ठेवायची पद्धतच गेली. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी कडक झाली, पण तोवर हे कारखाने वळलेच होते मूर्ती, नामफलक आणि ओट्याच्या फरशीकडे. धूम्रपान कमी झालं ही चांगलीच गोष्ट. त्यासाठी त्या हातांच्या कौशल्याची नोंद पुसायचं कारण नाही.

प्रश्न : आमच्याकडच्या दगडी लायटरचं चाक फिरत नाही, आणि पितळी टोपी चिंचेनं घासल्यावर खालचा दगड पांढुरका झाला. काय करावं?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल संगमरवर खातं. तो डाग नाही, झीज आहे. पुसून जाणार नाही. दगडाचं पॉलिश करणाऱ्याकडून तेवढाच भाग पुन्हा घासून घ्या. यापुढे पितळ साफ करायचं तर मशीन बाहेर काढून. पेट्रोलचा पिवळा डाग असेल तर गोष्ट वेगळी : मुलतानी मातीचा जाड लेप लावून वर प्लास्टिक गुंडाळा, दुसऱ्या दिवशी काढून वाळू द्या, गरज पडली तर पुन्हा करा.

चाक अडण्याचं कारण बहुतेक जुना खडा. दमट हवेत तो फुगतो आणि नळीत घट्ट बसतो. खालचा स्क्रू काढा, स्प्रिंग बाहेर घ्या आणि नळीपेक्षा बारीक ड्रिलबिट बोटांनी फिरवत खड्याचा भुगा काढा. यंत्राचा ड्रिल लावू नका, नळी फाटेल. गॅस मात्र भरू नका. इतक्या वर्षांत रबरी वॉशर वाळून गेलेले असतात आणि गॅस दगडाच्या भोकात साठतो.