नरक्याची झाडे न तोडता त्यातील कर्करोगविरोधी द्रव्य मिळवता येते का?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या जंगलातील नरक्या न तोडता त्यातील कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य प्रयोगशाळेत तयार करता येते का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. पण मोठ्या प्रमाणावर ते अजून परवडत नाही. हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले गेले आणि १९७२ मध्ये नरक्यातही सापडले. पेशीतील डीएनएचा पीळ सोडवणारे टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) कॅम्प्टोथेसिन डीएनएवरच अडकवून ठेवते, त्यामुळे झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मरतात. संपूर्ण रासायनिक संश्लेषण १९७१ मध्येच साधले, तरी त्याचे टप्पे अनेक आणि खर्च मोठा आहे. ऊतिसंवर्धनातील, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, झाडाच्या पेशींत ते झाडाच्या मानाने फारच कमी तयार होते, आणि झाडाच्या आत राहणाऱ्या ज्या बुरशा ते बनवतात, त्यांची ही क्षमता पुनःपुन्हा संवर्धन करताना, दुर्दैवाने, ओसरत जाते. म्हणून कॅम्प्टोथेसिनपासून बनणाऱ्या टोपोटेकॅनसारख्या कर्करोगावरील औषधांसाठी कच्चा माल आजही मुख्यतः झाडांतूनच येतो, आणि खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात नरक्याची लागवड करणे हा मला जंगलतोडीपेक्षा कितीतरी शहाणपणाचा मार्ग वाटतो. मात्र नरक्याचा काढा कोणीही घरी करून घेऊ नये: कॅम्प्टोथेसिनच्या सुरुवातीच्या चाचण्या त्याच्या विषारी परिणामांमुळेच १९७० च्या दशकात थांबवाव्या लागल्या होत्या.