वाचकांचे प्रश्न : पिशवी मातीत विरली नाही

'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी पावसाआधी माडाच्या आळ्यात पुरली होती. चवथीच्या साफसफाईत माती उकरली, तर पिशवी जशीच्या तशी. आपली फसवणूक झाली का?
— एक वाचक, डिचोली

ताई, आधी पिशवीवर काय छापलंय ते पाहा. उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल, तर नुसत्या हिरव्या पानाच्या चित्राला अर्थ नाही. क्रमांक असेल, तर पिशवी बहुधा खरी आहे. पण तिची परीक्षा आळ्यात झालेली नाही. ती होते औद्योगिक कंपोस्टमध्ये, साधारण 58 अंशांना. अशा पिशव्यांत बऱ्याचदा पीएलए, म्हणजे लॅक्टिक आम्लाची साखळी, दुसऱ्या एका मऊ पॉलिएस्टरमध्ये मिसळलेली असते. पीएलएची साखळी आधी पाण्याने तुटावी लागते, मग तिचे लहान तुकडे जीवाणू खातात. साठ अंशांच्या आसपास हे प्लास्टिक सैल पडतं आणि पाणी आत शिरतं. माडाच्या मुळाशी तेवढी ऊब कुठून येणार?

लॅक्टिक आम्ल तापवलं की पॉलिमर होतो, असं आम्ही शिकलो. मग उत्प्रेरकावर एवढं संशोधन कशासाठी?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, फोंडा

तुझा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ल तापवलं की पाणी सुटतं आणि साखळी, म्हणजे पॉलिमर, वाढते. पण तेच पाणी साखळी परत तोडतं. हाती येतात ते आखूड, ठिसूळ तुकडे. म्हणून मधे एक वळसा घेतात. हे तुकडे तापवून त्यांचं लॅक्टाइड करतात. दोन रेणू मिळून झालेलं हे कडं शुद्ध करून मग उघडतात. इथे उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा पदार्थ, कामाला येतो. त्यातला धातू कड्यातल्या कार्बोनिलच्या (कार्बन आणि ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाच्या) ऑक्सिजनला आपल्याकडे ओढतो, धातूला ऑक्सिजनने जोडलेला अल्कॉक्साइड गट त्या कार्बनवर हल्ला करतो, कडं उघडतं आणि त्याचं मोकळं टोक पुन्हा धातूवरच येऊन बसतं. मग पुढचं कडं. पाणी कुठेच सुटत नाही, म्हणून साखळी हजारो एककांची होऊ शकते.

कारखान्यांत यासाठी प्रामुख्याने कथिलाचं ऑक्टोएट वापरतात. ते स्वस्त आहे, काटक आहे. पण उत्प्रेरकाचा अंश मालात राहतो, आणि जी वस्तू मातीत जायची तिच्यात कथिल नको, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी जस्तावर काम करते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह यांवरही जगभर काम चालू आहे. कॉर्नेल विद्यापीठात जेफ्री कोट्स यांच्या गटाने 1999 साली दाखवलेल्या जस्ताच्या उत्प्रेरकाने डावी आणि उजवी, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली, लॅक्टाइडं साध्या तापमानाला एकाआड एक गुंफली. अबोलीच्या वळेसरात फुलांची तोंडं कुठल्या बाजूला ठेवायची हे गुंफणारे हात ठरवतात, तसं हे आहे. निव्वळ डाव्या आणि निव्वळ उजव्या साखळ्या एकत्र आणल्या, तर वितळबिंदू सुमारे 180 वरून 230 अंशांच्या घरात जातो! कच्चा माल तोच, फक्त रचना वेगळी.

आपल्याकडे अडचण येते ती आषाढात. जस्ताची ही संयुगं दमट हवेत लगेच बिघडतात, आणि पाण्याचा प्रत्येक चुकार रेणू एक नवी आखूड साखळी सुरू करतो. विद्रावक सुकवणं, लॅक्टाइडचं पुन्हा स्फटिकीकरण करणं, सगळं नायट्रोजनच्या पेटीत हाताळणं, यातच दिवस जातो. विद्यार्थी कंटाळतात, मला मात्र हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल. जस्ताच्या काही उत्प्रेरकांबरोबर मिथेनॉल दिलं, तर वापरलेल्या पीएलएचं मिथाइल लॅक्टेट होतं, म्हणजे साखळी पुन्हा कामाच्या रसायनात येते.

होडीवरून अशी पिशवी पाण्यात पडली तर विरघळेल ना?
— एक रापणकार, काणकोण

नाही, दादा. पीएलए पाण्याहून जड, त्यामुळे निव्वळ पीएलएची वस्तू तळाशी जाते आणि तिथल्या गारव्यात वर्षानुवर्षं टिकते. समुद्रात त्याहून बरं जिरतं ते पीएचबी नावाचं दुसरं पॉलिएस्टर. ते जीवाणू स्वतःच आपल्या पेशीत साठवतात. मॉरिस लेमोइन यांनी ते 1926 साली फ्रान्समध्ये ओळखलं. 2018 साली अमेरिकेत युजीन चेन यांच्या गटाने यट्रियम या धातूच्या उत्प्रेरकाने तेच प्रयोगशाळेत, जीवाणूंच्या रचनेशी जुळेल असं घडवलं. पण आज तुमच्या हाती येते ती पिशवी यातली नव्हे. ती किनाऱ्यावर परत आणा आणि सुक्या कचऱ्यात न टाकता कंपोस्टेबल म्हणून वेगळी द्या; नेहमीच्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर तो पुनर्वापराचा मालही खराब होतो.