भाड्याच्या घरासोबत ‘बूद’ मिळते, म्हणजे नेमकं काय?

सायली, तुझा प्रश्न वाचून हसू आलं, कारण नॉर्वेत बर्गनला आलो तेव्हा मीही ह्याच नॉर्वेजियन शब्दाला अडखळलो होतो. फ्लॅटच्या जाहिरातीत ‘बूद’ लिहिलंय, शब्दकोश म्हणतो बाजारातला स्टॉल. मग घराबरोबर दुकानाचा गाळाही मिळतो का, असं तू विचारतेस. नाही गं! ती अडगळीची खोली. बहुधा तळघरात, जाळीचं दार, कुलूप आपलं आपण आणायचं. माझ्या बूदेत गाडीचे हिवाळी टायर, दोन रिकाम्या बॅगा आणि पुरणयंत्र आहे.

शब्दकोशही खोटं बोलत नाही म्हणा. बाजारातल्या स्टॉलला इथे ‘मार्केद्सबूद’ म्हणतात. ‘मार्केद’ म्हणजे आपलं मार्केटच, मूळ लॅटिन ‘मेर्कातुस’. मधला ‘स’ नुसता सांधा. ‘बूद’ मात्र खास उत्तरेकडचा शब्द. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेत, तो तात्पुरत्या मुक्कामाच्या खोपटाला वापरत. आपल्याकडे जत्रेत व्यापारी पाल ठोकतो, त्यातच विकतो आणि रात्री त्यातच झोपतो ना, तसंच काहीसं. पुढे त्याच शब्दाचं एकीकडे दुकान झालं, दुसरीकडे सामानाची खोली. इंग्रजीतला ‘बूथ’ त्याचाच भाऊबंद, म्हणजे आपलं मतदानाचं बूथही त्याच घराण्यातलं.

त्याच्या मुळाशी ‘राहणे’ ह्या अर्थाचं क्रियापद आहे, ‘बू’. शेजारी म्हणजे ‘नाबू’, जवळ राहणारा. लोफोटेन बेटांवर मासेमारीच्या हंगामात कोळी ज्या लाकडी खोल्यांत राहायचे त्या ‘रूरबू’. आता तिथे पर्यटक राहतात. आणखी मागे गेलीस तर संस्कृत ‘भू’ धातू भेटतो, ज्यातून आपलं ‘भवन’ आलं. मला हे कळलं त्या दिवशी ही भाषा थोडी कमी परकी वाटली.

लांबलचक शब्द दिसला की शेवटाकडून वाच. राजवाडा हा शेवटी वाडाच असतो, तसं. आणि लिहिताना तोडू नकोस. ‘लामेलोर’ म्हणजे कोकराची मांडी. मध्ये जागा सोडलीस तर लुळ्या मांड्या! इथले लोकही ही चूक करतात आणि एकमेकांना हसतात.

घर बघायला जाशील तेव्हा बूद उघडून दाखवायला सांग. कोपऱ्यात हात लावून ओल बघ. मी नव्हती बघितली. पहिल्याच हिवाळ्यात आईने दिलेल्या गोधडीला बुरशी आली.