मुलाच्या खेळाला नावं ठेवू द्या

पत्र: आम्ही सहकारनगरला राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. अकरावीत असताना त्याने विसर्जन मिरवणुकीवर एक बोर्ड गेम तयार केला. प्रत्येक खेळाडूकडे मानाचा एक गणपती. मंडईपासून निघून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकात जो आधी पोचेल तो जिंकतो. सगळ्यांनी खूप कौतुक केलं, मंडळाने सत्कारही केला. फक्त माझा भाऊ म्हणाला, "दोन तास झाले तरी संपेना, आणि कसबा ज्याच्याकडे तोच जिंकणार हे आधीच कळतं." मुलगा त्याच्याशी बोलेनासा झाला. मीही भावाला सुनावलं. आता घरी येणाऱ्यांना आधीच सांगते की त्याचं मन मोडेल असं बोलू नका. सहा महिन्यांत त्याला खेळात काहीही बदलावं लागलेलं नाही, इतका तो पूर्ण झाला आहे. कल्पना चोरीला जाऊ नये म्हणून बाहेर कुणाला दाखवत नाही. एका एजंटकडून पेटंटची चौकशी केली आहे. पेटीवर "८ वर्षांपासून पुढे" छापायचं आहे. हजार प्रतींचा खर्च साडेचार लाख येतो, ठेव मोडायची तयारी आहे. छापखान्याला थोडी आगाऊ रक्कमही दिली आहे. त्याने कोणता कोर्स करावा?

उत्तर:

ताई, कोर्सचं नंतर बघू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त कशाने अस्वस्थ केलं असेल, तर त्या सहा महिन्यांनी. तुम्ही ते अभिमानाने लिहिलं आहे. पण ज्या मुलाला खेळ रचायचे आहेत त्याने सहा महिने खेळाला हात लावलेला नाही, याचा अर्थ त्याचं काम थांबलं आहे.

ते का थांबलं, तेही पत्रातच आहे. तुम्ही त्याच्या पाठीशी उभ्या आहात, यात शंका नाही. पुष्कळ आया हे करत नाहीत. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. सत्कार झालाय, नातेवाइकांना सांगून झालंय, आई ठेव मोडायला निघाली आहे. आता खेळात चूक सापडली तर ती नुसती खेळातली चूक राहत नाही. आईचे साडेचार लाख त्यात अडकतात. अशा वेळी कुठलाही मुलगा चूक शोधायचंच सोडून देईल. रागावून लादलेल्या दबावाविरुद्ध मुलं भांडतात तरी. कौतुकाच्या दबावाशी भांडायचं कसं, हे त्यांना कळत नाही.

आणि तुमच्या भावाने केलं काय? प्लेटेस्टिंग, म्हणजे खेळून पाहून दोष सांगणं. त्याने दोन्ही दोष अचूक पकडलेत. खेळाचे नियम तुम्ही पत्रासोबत पाठवलेत, त्यावरून कारणंही दिसतात. अलका चौकातल्या शेवटच्या घरात शिरायला नेमकं दान पडावं लागतं. एका फाशावर हवा तो आकडा सरासरी सहा पाळ्यांत एकदा पडतो. पाच जण पटाभोवती बसले की एकेकाच्या सहा पाळ्या म्हणजे तीस दानं, आणि तेवढ्या वेळात कुणालाही विचार करायला काही नाही. खेळ तिथे रेंगाळतो. दुसरं, मिरवणुकीत कसबा गणपती पुढे असतो ही आपली परंपरा; पण तोच क्रम पटावर आणला की पहिली पाळी आणि पुढची जागा दोन्ही एकाच खेळाडूला मिळतात. यावर उपाय आहेत. मागच्यांना जादा कार्डं देता येतील. किंवा मुळात आधी पोचण्यालाच जिंकणं म्हणायचं का, हा प्रश्न विचारता येईल. लक्ष्मी रस्त्यावर रात्रभर उभं राहणारा माणूस कोण आधी पोचलं ते मोजत नाही. तो पथक, रांगोळ्या, देखावा बघायला येतो. मग गुण कशाचे द्यायचे? या प्रश्नावर तुमचा मुलगा महिनाभर डोकं खाजवत बसला असता, तर मी त्याला होतकरू म्हटलं असतं. त्याच्याकडे विषय उत्तम आहे, म्हणून तर जीव तुटतो.

हे काम रोज कसं चालतं ते त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कोरी कार्डं, पेन, पुठ्ठा, जुन्या ल्युडोतल्या सोंगट्या एवढ्यावर पहिला नमुना होतो, आणि तो मुद्दाम कच्चा ठेवतात, म्हणजे खोडाखोड करताना हात थांबत नाही. सुरुवातीला एकट्यानेच चौघांच्या पाळ्या खेळायच्या. मग माणसं बसवायची आणि वही घेऊन बाजूला बसायचं. कोणत्या वेळी कुणी मोबाइल हातात घेतला, कुठला नियम दोनदा विचारला गेला, कोणतं कार्ड हातात पडून राहिलं, हे टिपायचं. शेवटी "आवडला का?" विचारायचं नाही, कारण पुण्यातही माणसं पोहे खाऊन झाल्यावर "छान" म्हणतात. "कंटाळा नेमका कधी आला?" हे विचारायचं. मग शक्यतो एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा खेळायला बसवायचं. अखेरची कसोटी सगळ्यात अवघड: अनोळखी माणसांच्या हातात फक्त नियमांचा कागद द्यायचा आणि ती चुकीचं खेळत असली तरी तोंड उघडायचं नाही. तुमच्या घरी नियम मुलगाच समजावून सांगत असणार. तो कागद माझ्याशिवाय अजून कुणी वाचलेलाच नसावा.

आता पेटंट आणि चोरी. हा गैरसमज मला वारंवार भेटतो आणि तो मुलांचं फार नुकसान करतो. भारताच्या पेटंट कायद्यात, १९७० च्या, कलम ३(एम) मध्ये खेळ खेळण्याची पद्धत हा शोध धरला जाणार नाही असं सरळ लिहिलेलं आहे. एजंटला हे कलम दाखवा आणि मगच पैशाचं बोला. कॉपीराइट मिळतो तो नियमांच्या लिखाणाला आणि चित्रांना. मिरवणुकीवर खेळ करायची कल्पना किंवा फासा टाकून पुढे जायची रीत कुणाच्या मालकीची होत नाही. म्हणून या क्षेत्रातले लोक अर्धवट खेळसुद्धा बिनधास्त अनोळखी लोकांपुढे मांडतात. शंभर जणांनी खेळून पाहिलेला खेळ चोरण्याइतका चांगला होतो. लपवून ठेवलेला होत नाही. तुम्ही कुलूप लावलंय ते रिकाम्या कपाटाला.

छपाईबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. तयार नसलेल्या खेळाच्या हजार पेट्या तुमच्या बेडरूममध्ये राहतील. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. पेटीवर "८ वर्षांपासून पुढे" छापायचं म्हणता, तेव्हा तो खर्च आणि ती प्रक्रियाही आलीच. प्रकाशकामार्फत जायचं तर रचनाकाराला साधारणपणे प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेच्या पाच ते आठ टक्के मिळतात. हजार रुपयांच्या खेळात प्रकाशकाला पाचशे सुटले आणि सहा टक्के ठरले, तर पेटीमागे तीस रुपये. हजार पेट्या खपल्या तर तीस हजार. हा आकडा मुलाला दाखवा, आणि त्याचा उत्साह टिकतो का ते त्याचं त्याला ठरवू द्या.

जगातही निव्वळ यावर जगणारे थोडेच. 'कॅटन' हा गाजलेला बोर्ड गेम रचणारे क्लाउस टॉइबर दातांची लॅब चालवत. १९९५ मध्ये खेळ आला, पुरस्कार मिळाला, तरी त्यानंतर काही वर्षं त्यांनी लॅब सोडली नव्हती. सहाशेहून अधिक खेळ ज्यांच्या नावावर आहेत ते रायनर क्निझिया गणितातले डॉक्टरेट, आधी बँकिंगमध्ये होते. 'विंगस्पॅन' हा बोर्ड गेम रचणाऱ्या एलिझाबेथ हारग्रेव्ह आरोग्य धोरणावर काम करत. यांतलं कुणीही "बोर्ड गेमचा कोर्स" करून आलेलं नाही.

त्यामुळे कोर्सचं उत्तर छोटं. डिझाइनकडे जायचं तर आयआयटीतल्या डिझाइन पदवीसाठीची यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा आहे, पुण्यातल्या डिझाइन संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा आहेत. "गेम डिझाइन" नावाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत भर व्हिडिओ गेमवर असतो, हे पाहून फी भरा. मला विचाराल तर त्याने संख्याशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन पदवी करावी. दोन्ही या कामाला थेट लागतात आणि दोन्हींत पोटापाण्याची सोय आहे. पुढे व्हिडिओ गेमच्या कंपन्यांतही खेळाचा तोल बघणारी माणसं लागतात. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे.

भावाला तुम्ही स्वतः फोन करा. त्याला आणि सोसायटीतल्या, क्लासमधल्या, तुम्हाला "मावशी" न म्हणणाऱ्या चार मुलांना खेळायला बोलवा, आणि त्या दिवशी तुम्ही घरात थांबू नका. बारावीची परीक्षा आणि सीईटी होईपर्यंत महिन्यातून असा एक रविवार पुरे. आगाऊ रक्कम छापखान्याकडून परत मिळते का ते या आठवड्यातच विचारा. मिळाली नाही तर ती बुडाली असं समजा, पण ठेव मोडू नका. पदवीच्या फीला ती लागेल.