जलपर्णी आभाळातून दिसते का?

प्रश्न : देहूच्या खालच्या अंगाला आमचं गाव. फेब्रुवारी लागला की इंद्रायणी पुलापासून बंधाऱ्यापर्यंत जलपर्णीने झाकून जाते. गुगलच्या नकाशात मात्र पाणी मोकळं दिसतं. उपग्रहाच्या चित्रांवरून आठवीच्या मुलांना तिच्यावर लक्ष ठेवता येईल का?
*एक शिक्षिका, जि. पुणे*

उत्तर : ताई, नक्की येईल, आणि मुलांनी हे करावंच असं मला मनापासून वाटतं. गुगलचा नकाशा बाजूला ठेवा. तो वेगवेगळ्या तारखांची चित्रं जोडून केलेला असतो. तुमच्या गावाचा तुकडा कदाचित पुराने नदी धुऊन निघाल्यानंतरचा असेल. तुम्हाला तारखेचं चित्र हवं. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं 2015 पासूनची फुकट पाहता येतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवं येतं. ही चित्रं दाखवणारं ‘कोपर्निकस ब्राउझर’ हे संकेतस्थळ उघडा, गाव शोधा, ढग नसलेली तारीख निवडा आणि ‘फॉल्स कलर’ लावा.

नदी काळी होईल आणि जलपर्णी लालभडक. ताजं पान आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं, पाणी तो जवळजवळ सगळा गिळतं. या चित्रात तोच प्रकाश लाल रंगात दाखवलेला असतो. मुलांना हे सांगण्याआधी घाटावर नेऊन एक रोप उपटायला लावा. देठाचा फुगा मोडला की आत स्पंजासारखी जाळी दिसते, तिच्यातल्या हवेवर ते तरंगतं. खाली काळ्या पिसांसारखी मुळं लोंबतात. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसतात, म्हणून अनुकूल दिवसांत पंधरवड्यात पसारा दुप्पट होऊ शकतो. ज्याने हे रोप हातात धरलंय, त्याला चित्रातला लाल ठिपका कधीच नुसता ठिपका वाटत नाही.

आता मोजणी. चित्रातला एक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. मुलं गुंठ्यात मोजतील, घरच्यांनाही लगेच कळेल. पण काठाचे चौकोन अर्धे पाण्यात, अर्धे जमिनीवर असतात आणि काठचा ऊसही तसाच लाल दिसतो. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा एका वळणावरचा ऊस जलपर्णीत धरला होता. तिथे उभं राहिल्यावर चूक कळली. तेव्हापासून मी दिवाळीच्या आसपासचं, पाणी मोकळं असतानाचं चित्र घेऊन आधी नदीची हद्द आखतो आणि पुढची मोजणी त्या हद्दीतच करतो.

गुंठ्याहून लहान पुंजका यात धड दिसत नाही. डिसेंबरातले पहिले पुंजके तेवढेच असतात आणि हाताने काढता येतात तेही तेव्हाच. म्हणून काठावरची वही सोडू नका. उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास वरून जातो. त्याच्या दिवशी त्याच वेळी दोन मुलांनी पुलावरून फोटो काढावा आणि तारीख लिहावी. दोन-तीन महिन्यांत वही आणि चित्र जुळायला लागतात. मग गावाच्या वरच्या भागातली चित्रंही त्यांना वाचता येतील आणि जलपर्णी कुठून सरकत येते ते दिसेल.

आणखी एक काम माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. पालखी जवळ आली की जलपर्णी काढायची घाई सुरू होते. मी पाहिलेल्या एका ठिकाणी काम झाल्याचं सांगितलं गेलं. आधीच्या चित्रातला लाल पट्टा नंतरच्या चित्रात खरंच नव्हता. पण खालच्या बंधाऱ्याला जवळजवळ तेवढाच नवा पट्टा लागला होता. जलपर्णी काढली नव्हती, पुढे ढकलली होती. तुमच्या मुलांनी वरचे आणि खालचे दोन्ही आकडे तारखेसकट ग्रामसभेत ठेवले, तर नदी साफ झाली की नाही हा वाद राहणार नाही. चित्र सगळ्यांसाठी खुलं आहे, कुणीही उघडून पडताळू शकतं.

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यात आम्ही मासेमारी करतो. मुलाच्या मोबाईलवरच्या उपग्रहाच्या चित्रात पाणी हिरवं दिसतं. ती जलपर्णी की शेवाळ?
*एक मच्छीमार, ता. इंदापूर*

उत्तर : दादा, मुलाला ‘फॉल्स कलर’ लावून बघायला सांगा. जलपर्णीचा तवंग गडद लाल आणि ठसठशीत कडेचा दिसतो. वारा ज्या काठाला लावतो तिथे दाटतो. पाण्यात मिसळलेलं शेवाळ फिकट, धुरासारखं पसरतं. पण शेवाळाची दाट साय धरली की तीही लाल दिसते आणि चित्रावरून फसगत होते. तिथे होडी घालूनच बघावं लागतं. पुढच्या वेळी जाळं टाकायला जाल तेव्हा मोबाईलवर ती जागा टिपून ठेवा, आणि वल्ह्याला काय लागलं तेही मुलाला लिहायला सांगा.