चेल्सी या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या मालकानं खेळाडूंवर एवढा पैसा ओतला, मग त्याला दानशूर का म्हणू नये?

दांडिया बाजारात सेव-उसळ खाता खाता आम्हा बडोदेकरांचा यावर कायम वाद होतो. माझं मत विचाराल तर दानशूर वगैरे काही नाही. रशियन अब्जाधीश अब्रामोविचनं 2003 साली चेल्सी घेतला. पुढे ओतलेला पैसा कागदोपत्री कर्जच होता, सुमारे दीड अब्ज पौंड! 2022 मध्ये क्लब विकायला काढला, तेव्हा कुठे ‘परत मागणार नाही’ म्हणाला. नव्या मालकांनी एन्झो फर्नांडिस या खेळाडूसाठी 10 कोटींहून जास्त पौंड मोजले, पण करार साडेआठ वर्षांचा, म्हणजे हिशोबात खर्च तेवढ्या वर्षांवर विभागला. पक्के व्यापारी!

दिलदार म्हणायचंच तर जॅक वॉकरला म्हणा. पोलादात कमावलेलं गावच्या ब्लॅकबर्न क्लबमध्ये घातलं, गोल करणाऱ्या शिअररला आणलं, 1995 मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली.